कच्च्या रेघांचे टाचण

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत 'साहित्य आणि चित्रपट' किंवा 'पटकथालेखन' हे विषय आता नवे राहिलेले नाहीत. कादंबरीचा चित्रपट होताना काय गळते, काय वाढते, निवेदकाचे काय होते, याची चर्चा आपण सारेच शिक्षक कमीअधिक उत्साहाने करत असतो. या चर्चेत एक टप्पा मात्र जवळजवळ नेहमीच वगळला जातो. लिखित संहिता आणि पडद्यावरचे चित्र यांच्या मधोमध कागदांचा एक ढीग असतो. घाईने काढलेल्या, खोडलेल्या, बाण आणि आकडे टाकलेल्या चौकटींचा हा ढीग म्हणजे स्टोरीबोर्ड. तो चित्रकाराचा प्रांत आहे असे समजून साहित्याचा विद्यार्थी त्याच्याकडे पाहत नाही, आणि आपणही त्याला पाहायला सांगत नाही.

आमचे म्हणणे असे की, निदान छोट्या अ‍ॅनिमेशनपटाच्या बाबतीत तरी स्टोरीबोर्ड हेच मूळ लेखन असते, आणि त्याचे लेखनपण त्याच्या कच्चेपणात असते. तो साहित्याच्या वर्गात यायला हवा, आणि कच्चाच यायला हवा. हे म्हणणे जरा सविस्तर मांडतो.

स्टोरीबोर्ड आज ज्या रूपात ओळखला जातो ते रूप अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत १९३० च्या दशकाच्या आरंभी घडले. प्रसंगांची चित्रे आधी कागदावर काढून पाहण्याची रीत त्यापूर्वीही होती. पण प्रत्येक क्षणाचे चित्र सुट्या कागदावर काढायचे आणि ते कागद क्रमाने फळ्यावर टाचणीने लावायचे, ही युक्ती तिथले कथाचित्रकार वेब स्मिथ यांची, असे सामान्यतः मानले जाते. १९३३ सालचा 'थ्री लिट्ल पिग्ज' हा या रीतीने आखलेल्या आरंभीच्या लघुपटांपैकी एक.

या हकिकतीत आम्हांला चित्राइतकीच टाचणी महत्त्वाची वाटते. वहीच्या पानावर ओळीने काढलेली चित्रे जागच्या जागी बांधली जातात. मधले एखादे नको झाले तर खोडावे लागते, नवे सुचले तर त्याला जागा नसते. टाचणीने लावलेला कागद काढता येतो, हलवता येतो, शेवटचा आरंभी नेता येतो. सगळी गोष्ट एका नजरेत दिसते आणि तरीही ती अजून पक्की झालेली नसते. मराठीत 'टाचण' हा शब्द शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे. पाठाचे टाचण म्हणजे व्याख्यान नव्हे. कुठे थांबायचे, कुठे उदाहरण द्यायचे, कुठला मुद्दा घाईने उरकायचा, एवढेच त्यात असते, आणि ते दुसऱ्या कुणाला वाचून दाखवण्यासाठी नसते. स्टोरीबोर्ड हे चित्रपटाचे टाचण आहे. त्याची सुबकता तपासणे हे टाचणवहीतल्या हस्ताक्षरावरून शिक्षकाची विद्वत्ता ठरवण्यासारखे आहे.

हे टाचण अ‍ॅनिमेशनमध्ये इतके निर्णायक का ठरते, ते साध्या हिशेबावरून कळते. जिवंत नटांचा चित्रपट करणारा दिग्दर्शक एकच प्रसंग तीन बाजूंनी टिपून घेऊन निर्णय संपादनाच्या टेबलापर्यंत लांबवू शकतो. हाताने रेखाटायच्या पटाला ही चैन परवडत नाही. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. म्हणजे दोन मिनिटांच्या पटाला २,८८० फ्रेम लागतात. एक रेखाटन दोन फ्रेमभर धरून ठेवायची प्रचलित काटकसर केली तरी १,४४० रेखाटने उरतात. समजा, प्रत्येक रेखाटन नव्याने काढायचे आहे आणि एक चित्रकार दिवसाला २० रेखाटने पुरी करतो, तर ७२ दिवस झाले. या हिशेबात तीन सेकंदांचा एक अनावश्यक शॉट म्हणजे ३६ रेखाटने, जवळजवळ दोन दिवसांचे श्रम. म्हणून इथे संपादन आधी होते आणि चित्रण मागाहून. कवितेतले फालतू विशेषण आपण लाल शाईने खोडतो तेव्हा त्याची किंमत विद्यार्थ्याला पटतेच असे नाही. इथे ती दिवसांत मोजून दाखवता येते.

चौकटी ठरल्या की त्यांचे फोटो क्रमाने लावून, प्रत्येक चौकट किती सेकंद धरायची ते ठरवून, खाली कच्चा आवाज जोडतात. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. गोष्टीत काळ शिरतो तो इथे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. तिथे सुट्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात-सांगत कथा पुढे नेतो. चित्र किती वेळ धरायचे, कधी बदलायचे, हे सांगणाऱ्याच्या आवाजावर ठरते. स्टोरीबोर्डचा उगम चित्रकथीत शोधण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. चित्रकथीचे चित्र जपण्यासाठी असते, पिढ्यांकडून पिढ्यांकडे जाते. स्टोरीबोर्डचे चित्र टाकून देण्यासाठी असते. पण स्थिर चित्रांच्या मधल्या जागेत गोष्ट चालते, ही जाण दोन्हींकडे आहे. तिच्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली, म्हणून कथानक सांगण्यात वेळ न घालवणारी गोष्ट म्हणजे चिऊ-काऊची. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, काऊ चिऊच्या दाराशी येतो. चिऊ बाळाच्या अंघोळीपासून तीट-काजळापर्यंत एकेक काम सांगत त्याला थांबवून ठेवते. शेवट घरोघरी निराळा. कुठे काऊला आत घेतले जाते, कुठे त्याला तव्याचा चटका बसतो. आम्ही आमच्या वर्गांत या गोष्टीच्या दोन मिनिटांच्या पटाची आखणी विद्यार्थ्यांकडून करून घेतली. अटी अशा होत्या : पोस्टकार्डाएवढे २४ कागद, पेन्सिल, टाचण्या. चिऊ म्हणजे लहान वर्तुळ आणि चोच, काऊ म्हणजे मोठे वर्तुळ आणि चोच. 'मला चित्र येत नाही' ही सबब त्यामुळे कुणालाच उरली नाही.

पहिल्या खेपेला बहुतेकांनी एका वाक्याला एक चौकट दिली. दोन घरे, मग पाऊस, मग वाहून गेलेले घर, मग दार. प्रत्येक चौकटीत चिऊ डावीकडे, काऊ उजवीकडे, मधे दाराची उभी रेघ. जणू आपण नाटकाच्या मधल्या रांगेत बसून सगळे एकाच अंतरावरून पाहतो आहोत. ही चित्रे गोष्टीसोबत छापता आली असती, पण त्यांतून चित्रपट उभा राहत नव्हता. मग आम्ही एकच प्रश्न विचारला : आपण कुठे उभे आहोत, दाराच्या आत की बाहेर?

आत उभे राहिलो तर पाऊस हा केवळ आवाज असतो आणि काऊही केवळ आवाज. समोर दिसते ती कामात बुडालेली आई. पाणी तापवणे, बाळाला पुसणे, काजळ घालणे ही कामे खरी आहेत, आणि एका हाताने बाळ धरलेले असताना दार उघडता येत नाही, हेही खरे. चिऊ निर्दय वाटत नाही. बाहेर उभे राहिलो तर तीच वाक्ये दाराआडून येतात. समोर बंद फळी आणि भिजत असलेले मोठे वर्तुळ. तिसऱ्या सबबीला ती वाक्ये ऐकवत नाहीत. गोष्टीतला एकही शब्द बदललेला नसतो, तरी गोष्ट बदललेली असते. निवेदनाचा दृष्टिकोन ही संकल्पना शिकवायला आम्ही एरवी दोन-तीन तासिका घेतो, व्याख्या देतो, उदाहरणे लिहून देतो. इथे एका रेघेच्या अलीकडे-पलीकडे बसून ती विद्यार्थ्यांच्या हाताला कळली. पुढे त्यांनी आपणहून विचारले की, लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही कुठे होतो? बहुतेकांचे उत्तर होते, आत. उबेत बसून ऐकलेली गोष्ट ती. बाहेरच्याची बाजू त्यांनी पहिल्यांदा पाहिली, ती त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर.

दुसरा पेच पुनरुक्तीचा. तोंडी कथनात सबबींची लांबण हीच गोष्टीची गंमत असते, कारण प्रत्येक वेळी आवाज बदलतो आणि मूल पुढची सबब आधीच बोलून टाकते. पडद्यावर चार वेळा तेच दार दाखवले तर ते सुस्त होते. एका गटाने चारही चौकटी अगदी सारख्या ठेवल्या आणि फक्त काऊच्या पायाशी साचलेल्या पाण्याची रेघ चढवत नेली. दुसऱ्या गटातल्या एका विद्यार्थिनीने मधल्या तीन चौकटी काढूनच टाकल्या आणि त्या जागी नुसत्या दाराची एक चौकट लावली. खाली लिहिले : बारा सेकंद, फक्त आवाज. काऊ चौकटीबाहेर. तो गेला की अजून उभा आहे, हे प्रेक्षकाला कळू नये. अध्याहार या शब्दाचा अर्थ तिने व्याकरणाच्या तासाला पाठ केला असेल. तो वापरला मात्र त्या बारा सेकंदांत. आणि एकदा असे बाहेर उभे राहिल्यावर तव्याच्या चटक्याचा शेवट तिला लावता येईना. पायाशी पाणी चढलेल्या पक्ष्याला शेवटी भाजायचे कसे? पाहण्याची जागा निवडली की शेवटही निम्माअधिक निवडला जातो, हे कथाशास्त्राचे तत्त्व असे समोर येते.

पुनरुक्तीचा हाच पेच एखादा समर्थ कलावंत कसा सोडवतो हे पाहायचे असेल तर मायकेल ड्युडॉक द वित यांचा 'फादर अँड डॉटर' (२०००) जरूर पाहावा. सुमारे आठ मिनिटांच्या या पटाला २००१ मध्ये लघु अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. वडील आणि लहान मुलगी सायकलींवरून पाण्याच्या काठी येतात, वडील होडीतून निघून जातात, परतत नाहीत. मुलगी त्या जागी पुन्हापुन्हा येत राहते. रस्ता तोच, बांध तोच. बदलते ते तिचे वय, ऋतू, वाऱ्याची दिशा, सायकल रेटण्याचे कष्ट. एक संवाद नाही. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर मुंबईच्या गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६), ज्याला कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात तीन पुरस्कार मिळाले. एकटी राहणारी वृद्धा, तिची मांजर, करडे शहर आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांतून उघडणारे रंगीत जग. या पंधरा मिनिटांतही संवाद नाही. पटकथा म्हणजे प्रामुख्याने संवाद, ही जी समजूत आपल्या पटकथालेखनाच्या प्रश्नपत्रिकांतून डोकावते, ती या दोन पटांना लावून पाहावी. त्या समजुतीनुसार दोन्हींची संहिता जवळजवळ कोरी ठरेल. इतके नेमके सांगणाऱ्या कृतींमागे लेखन नाही असे म्हणण्यापेक्षा आपली लेखनाची व्याख्या अपुरी आहे, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे.

रेखाटनाने लिहिणे ही केवळ अ‍ॅनिमेशनची गरज आहे असेही नाही. सत्यजित राय यांनी विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'च्या संक्षिप्त आवृत्तीसाठी १९४० च्या दशकात चित्रे काढली होती. पुढे चित्रपट करायचे ठरल्यावर त्यांनी रूढ अर्थाची पूर्ण पटकथा न लिहिता रेखाटनांची एक वही तयार केली. तीच वही निर्मात्यांना दाखवली जाई. चित्रपट १९५५ मध्ये आला. ती रेखाटने २०१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. 'पथेर पांचाली'चे माध्यमांतर शिकवताना आपण कादंबरी आणि चित्रपट ही दोन टोके समोर ठेवतो. मधली वही ठेवत नाही. खरे तर राय यांचे कादंबरीचे वाचन त्या वहीत आहे. एका वाचकाने कादंबरीतले काय पाहिले आणि काय सोडले, याची ती नोंद आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक साहित्यिक दस्तऐवज कोणता हवा?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, चित्र आले की वाचकाची कल्पनाशक्ती बांधली जाते, शब्दाने मोकळे ठेवलेले चित्र बंदिस्त करते. हा आक्षेप पक्क्या चित्राच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा आहे. कच्च्या रेखाटनाला तो लागू पडत नाही. वर्तुळ आणि चोच यांनी चिऊचा रंग, घराची श्रीमंती, पावसाची वेळ, काहीच ठरवलेले नसते. अंतर, दिशा, क्रम आणि कालावधी एवढेच ठरते. बाकीचे सारे मोकळे राहते.

दुसरा आक्षेप गेल्या काही वर्षांतला आहे आणि अधिक गंभीर आहे. वाक्य लिहिताच चित्र तयार करून देणारी साधने आता विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आहेत. मग कच्च्या रेघा ओढण्यात वेळ कशाला घालवायचा? अशा साधनांनी बनवलेले स्टोरीबोर्डही आमच्यासमोर आले आहेत. प्रत्येक चौकट देखणी, पानांवर थेंब, दारावर नक्षी, आकाशात नाट्यपूर्ण उजेड. 'चिऊ वरून का दिसते?' असे विचारले की उत्तर येते, 'चित्र तसे आले.' आमच्या मते सगळी अडचण त्या तीन शब्दांत आहे. कोन, अंतर, उजेड हे सारे निर्णय झालेले असतात, पण ते कुणी घेतलेले नसतात. शिवाय देखणी चौकट काढून टाकवत नाही. पेन्सिलीचा कागद चुरगळायला जीव थोडाही हळहळत नाही. साधनांना आमचा सरसकट विरोध नाही. गोष्ट ठरल्यावर, रंगरूप शोधताना त्यांचा उपयोग होईलही. पण विचार चाललेला असताना पक्के चित्र हाती आले की विचार तिथेच थांबतो. निबंधाचा मुद्दा सुचण्याआधी छापील निबंध हाती पडावा, तसे हे आहे. तो प्रकार आपण वर्षानुवर्षे मार्गदर्शकांच्या रूपाने पाहत आलो आहोत, त्याचे परिणामही पाहत आलो आहोत.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा : याला गुण कसे द्यायचे? आपल्या मूल्यमापनाला नीटनेटकेपणाचे भारी वेड. शाळेत सुवाच्य अक्षराला गुण, चित्रकलेच्या परीक्षेत रंग रेघेबाहेर न जाण्याला गुण, आणि महाविद्यालयात पारदर्शक वेष्टनातल्या प्रकल्पाला गुण. स्टोरीबोर्ड या शिस्तीत आला तर तो लगेच शोभेची वस्तू होईल. विद्यार्थी आधी पक्की चित्रे काढतील आणि मग, कच्चे काम मागितले आहे म्हणून, त्यांची कच्ची नक्कल करतील. हे टाळायचे तर गुण टाकून दिलेल्या चौकटींना द्यावेत. २४ चौकटींसोबत काढून टाकलेल्या निदान दहा चौकटी जोडायच्या, आणि प्रत्येकीच्या मागे ती का काढली ते एका वाक्यात लिहायचे. 'सुंदर नव्हती' हे कारण चालणार नाही. 'हिच्यामुळे काऊ आत येणार हे आधीच कळत होते' हे चालेल. तोंडी परीक्षेत परीक्षकाने फळ्यावरच्या दोन चौकटींची अदलाबदल करावी आणि गोष्ट आता काय झाली ते विचारावे. ज्याने निर्णय स्वतः घेतले आहेत त्याला उत्तर देता येते. ज्याने घेतलेले नाहीत त्याला येत नाही. याला ना संगणक कक्ष लागतो, ना निधीची मंजुरी.

मराठी विभागांचे भवितव्य काय, अशी चिंता अलीकडे प्रत्येक बैठकीत व्यक्त होते आणि 'कौशल्याधारित' हा शब्द तिच्या उत्तरादाखल पुढे केला जातो. अ‍ॅनिमेशनचे उद्योग आपल्या विद्यार्थ्यांची वाट पाहत आहेत, असे स्वप्न आम्ही कुणाला दाखवणार नाही. चित्रकलेच्या आणि अभिकल्पाच्या संस्थांतून शिकलेली मुले ते काम आपल्यापेक्षा चांगले करतात. पण गोष्ट कुठून पाहायची, काय गाळायचे, कुठे थांबायचे, हे शिकवणे हे आपलेच काम आहे, आणि ते फक्त परिच्छेदांच्याच माध्यमातून शिकवले पाहिजे असा नियम कुठेही नाही. येत्या सत्रात अंतर्गत मूल्यमापनाच्या एखाद्या लेखी चाचणीऐवजी आपापल्या भागातली एक लोककथा, २४ कागद आणि टाचण्यांची एक डबी, एवढ्यावर हा प्रयोग सहकाऱ्यांनी जरूर करून पाहावा. फळ्यावर शेवटी काय उरले ते तर पाहावेच. पण तास संपल्यावर जमिनीवर पडलेले कागदही गोळा करावेत आणि शिक्षकांच्या खोलीत नेऊन वाचावेत.